मागचा माणूस

त्या कचेरीत एक रीत होती. कुणी बातमीदार किंवा छायाचित्रकार धोक्याच्या जागी निघाला, की कचेरीतला एक जण त्याचा मागचा माणूस व्हायचा. मागच्या माणसानं फोनजवळ बसायचं, बस्स. त्या दिवशी त्याला दुसरं काम नाही. गेलेल्याचा फोन ठरल्याप्रमाणे आला तर "बरं" म्हणायचं. नाही आला तर वाट बघत बसायचं नाही, पोलीस, वकील, दवाखाना, सगळ्यांची दारं वाजवायची. ही रीत कागदावर कुठं नव्हती. ती वहिनींनी घातली होती आणि वहिनी होत्या म्हणून चालत होती.

वहिनी म्हणजे वृत्तसंपादक बाई. नवरा तिथलाच जुना बातमीदार, त्याच्यामुळे त्या अख्ख्या कचेरीच्या वहिनी झाल्या. पुढं नवरा निवृत्त होऊन घरी भाजी निवडायला लागला, तरी यांचं वहिनीपण काही सुटलं नाही. वयानं मोठे असलेले संपादकही त्यांना वहिनी म्हणत, फक्त रागावले की नुसतं "बाई" म्हणत. पानं वहिनी लावायच्या. त्यांनी मान हलवल्याशिवाय पहिलं पान छपाईला सुटत नसे.

त्या दुपारी टोपी बाहेर होता. टोपी म्हणजे छायाचित्रकार, ऊन असो नसो डोक्यावर टोपी, म्हणून टोपी. शहराबाहेर एका वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायची भट्टी होती. वस्तीतली पोरं पोटदुखीनं लोळायची, शाळेत बसल्या जागी पेंगायची, डॉक्टर रक्त तपासून मान हलवायचे, आणि भट्टी धूर सोडत राहायची. कॅमेरा दिसला की भट्टीवाल्याची माणसं अंगावर येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून वहिनी स्वतः मागचा माणूस होऊन बसल्या होत्या. टोपीनं सकाळी काढलेले फोटो पाठवले होते. भट्टी, नाल्यातलं काळं पाणी, गल्ली, गल्लीतली दुकानं. मग फोन यायचा होता, तो आला नाही.

आला तो निरोप. तोही वहिनींच्या फोनवर नाही, कचेरीच्या सगळ्यांच्या गटावर. पळणाऱ्या माणसाचा अंगठा जिथं पडला तिथं पडला. "माणसं मागे लागलीत. शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत आहे. शटर बंद. फोन करू नका."

वहिनींनी पोलीस ठाण्याला फोन लावला. तिथल्या माणसानं आधी वस्तीचं नाव दोनदा विचारलं, मग भट्टीवाल्याचं नाव ऐकून गप्प झाला, मग म्हणाला की गाडी पाठवतो. वहिनींनी वकिलाला सांगितलं, वकिलानं वरच्या साहेबांना गाठलं, तेव्हा कुठं गाडी खरंच निघाली. पण आत बसलेल्या माणसाला हे कळणार कसं? दारावर थाप पडली तर ती पोलिसांची की मारेकऱ्यांची? टोपीला फोन करायचा नव्हता. वहिनींनी सकाळचे फोटो उघडले आणि गल्लीचा फोटो ताणून मोठा केला. शिंप्याच्या दुकानाची पाटी होती, आणि पाटीवर फोन नंबर होता.

फोन एका बाईनं उचलला. आवाज इतका बारीक की वहिनींना आपलाच श्वास मोठा वाटला. वहिनींनी सांगितलं की पोलीस निघालेत, ते आल्यावर आपण स्वतः फोन करून सांगू, तोवर कुणालाही उघडू नका. बाई हूं हूं करत राहिली. दुकान तिचंच होतं, शिवणकाम तीच करायची. मागच्या खोलीत तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि त्या खाटेखाली हा अनोळखी माणूस लपला होता. त्याला आत का घेतलंस, असं वहिनींनी विचारलं नाही. असल्या वेळी दार उघडणाऱ्याच्या हातून देवच कडी काढत असतो, तिथं का म्हणून काय विचारायचं.

बाईनं मात्र एक विचारलं.

"ताई, आमचं कुठं येणार नाही ना? नाव वगैरे? आम्हाला इथंच राहायचंय."

"नाही येणार," वहिनी म्हणाल्या. "हा माझा शब्द."

फोन ठेवून त्यांनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता. आपल्याच पेपरच्या संकेतस्थळावर या क्षणी काय झळकतंय ते त्यावर दिसायचं. त्यावर लाल पट्टीत अक्षरं सरकत होती. आमच्या छायाचित्रकाराला जमावानं घेरलं. शिंप्याच्या दुकानामागे आश्रय. थोड्याच वेळात अधिक तपशील.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठल्या आणि वेबवाल्याच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. वेबवाला म्हणजे संकेतस्थळाचा प्रमुख, चष्मा कपाळावर चढवलेला, घरी दोन मुलींचा बाप. वाईट माणूस म्हणता यायचं नाही. गटावर जे येतं ते बातमी म्हणूनच येतं, आलं की चढवायचं, दुसऱ्यांच्या आधी चढवायचं, हीच त्याची नोकरी. आपल्या माणसाची जीव वाचवा म्हणून आलेली हाक त्यानं बातमी म्हणून वाचली, दोन शब्द सुधारले आणि चढवली.

"वहिनी, आपल्याच माणसाची बातमी आपण शेवटी द्यायची का?" तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"आत्ता काढ ते," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर हा पडदा मी तुझ्या डोक्यात घालीन."

त्यानं काढलं. पण तोवर ते इतर तिघांनी उचललं होतं, आणि वस्तीत हातोहाती फिरलं होतं. भट्टीवाल्याची माणसं खरं तर पुढच्या गल्लीत निघून गेली होती. ती फोन बघत बघत मागं फिरली. पोलिसांची गाडी पोचली तेव्हा शटर पहारीनं उचकटलेलं होतं, शिवणयंत्र रस्त्यावर उलटं पडलं होतं आणि टोपी नाल्याच्या कडेला उजवा हात छातीशी धरून बसला होता. त्याच्या मनगटावर कुणीतरी पहार घातली होती. हात बघून, मोजून घातल्यासारखी. बाई आणि तिची सासू ठीक आहेत, असं ठाण्यातला माणूस म्हणाला. वहिनी संध्याकाळभर तिचा नंबर लावत होत्या. तो कुणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी रुग्णालयात गेल्या. टोपी खाटेवर बसला होता, हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, आणि त्याची बायको त्याला चमच्यानं भरवत होती. ती शाळेत शिकवायची. नवऱ्याशी बोलताना वर्गात बोलल्यासारखं बोलायची आणि तो ऐकायचाही. आज ती बोलत नव्हती. चमचा तोंडाशी नेताना तो दातावर आपटत होता, तरी ती बघत नव्हती.

"पाहिलंत का भावजींचा थाट," वहिनी म्हणाल्या, "लग्नातसुद्धा बायकोनं इतकं भरवलं नसेल."

टोपी हसला. बायको हसली नाही. ती म्हणाली की डॉक्टर म्हणतात बोटं हलतील, पण बारीक काम होईल की नाही ते सांगता येत नाही. मग चमचा ताटलीत टाकून म्हणाली, "वहिनी, ज्यांनी मारलं त्यांच्यावर मला रागच येत नाही बघा. ते मारणारेच. मला तुमच्या कचेरीचा राग येतो. यांनी तुम्हाला पत्ता कळवला, तो तुम्ही त्यांना कळवलात."

वहिनी खाटेच्या पायथ्याशी बसल्या. टोपीनंच विषय बदलला. त्याचे डोळे चमकत होते, आणि ते औषधानं नव्हे. कॅमेरा फोडला, तो म्हणाला, पण आतलं कार्ड मी आधीच काढून मोज्यात घातलं होतं. वहिनी, एक फोटो मिळालाय. असा आयुष्यात मिळाला नव्हता.

खाटेखालून काढलेला फोटो. वर सासूच्या गोधडीची लोंबती कड. पुढं ती बाई शटरच्या फटीला डोळा लावून उभी, फटीतून आलेली उजेडाची एकच रेघ तिच्या कपाळावरून, डोळ्यावरून, ओठावरून खाली उतरलेली, आणि खाली हातात कापड कापायची मोठी कात्री, मुठीत सुरीसारखी धरलेली. तो सांगत होता आणि प्लॅस्टरातून बाहेर आलेली बोटं कॅमेऱ्याचं बटण दाबायला बघत होती.

"तिचा फोटो काढलास?" वहिनी म्हणाल्या. "ती तुला लपवत होती आणि तू तिचा फोटो काढलास?"

"वहिनी, हात आपोआप गेला."

"विचारलंस तिला?"

फोटोची चौकट दिसली की त्यानं विचारलं असतं, तर तो छायाचित्रकारच झाला नसता. आगीत माणूस सापडलेला दिसला तरी असल्यांचा हात आधी कॅमेऱ्याकडे जातो आणि मग पाण्याकडे. हे त्याचं पाप म्हणावं की त्याचं काम, याचा निवाडा देवानं करावा. वहिनींना तेवढी फुरसत नव्हती.

"कार्ड कुठंय?"

उत्तर बायकोनं दिलं. पहाटेच तुमच्या कचेरीचे साहेब येऊन गेले, फळं ठेवून गेले, कार्ड घेऊन गेले. "तेही विचारून नाही," ती म्हणाली, "शाबास म्हणून."

वहिनींनी पर्स उचलली. टोपी मागून म्हणाला, "वहिनी, हा हात परत चालला नाही तर तो माझा शेवटचा फोटो असेल. एवढं ध्यानात ठेवा." तो विनवत होता की धमकावत होता ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. वहिनी दारात थांबल्या, पण मागं वळल्या नाहीत. वळल्या असत्या तर कदाचित विरघळल्या असत्या.

कचेरीत पहिलं पान तयार होतं. वहिनींच्या गैरहजेरीत ते साहेबांनी स्वतः बसून लावलं होतं. साहेब म्हणजे संपादक. तरुणपणी दंगलीत उभं राहून बातम्या दिलेला माणूस, गुडघ्यात अजून छर्रा, आणि त्या छर्ऱ्याचा अभिमान. पानभर तोच फोटो होता. वर मथळा: तिनं दार उघडलं. खाली बाईचं नाव, दुकानाचं नाव, वस्तीचं नाव, आणि संध्याकाळी तिचा जाहीर गौरव करायचा बेत.

वहिनी पडद्याशी उभ्या राहिल्या. खरं सांगायचं तर एक क्षण त्यासुद्धा नुसत्या बघत राहिल्या. टोपी खोटं बोलला नव्हता. असा फोटो पान लावणाऱ्याच्या नशिबात एकदा येतो. त्यांच्या मनात येऊन गेलं की मथळा जरा खाली घेतला तर कपाळावरची रेघ सुटी दिसेल. आणि हे मनात आलं याचाच त्यांना इतका संताप आला की खुर्ची लाथेनं बाजूला झाली.

"हे जाणार नाही," त्या म्हणाल्या.

साहेबांना हे अपेक्षित होतं. त्यांनी शांतपणे समजावलं. अंधारात माणूस मारता येतो, उजेडात मारता येत नाही. उद्या हा चेहरा घराघरात गेला की भट्टीवाल्याची हिंमत होणार नाही. आणि त्या वस्तीत तिला आता कोण ओळखत नाही? दुकान तर सगळ्यांसमोर फुटलं. लपवायचं उरलंच काय?

"मी तिला शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलात, बाई. पेपरनं नाही दिला."

"मग पेपर म्हणजे कोण? ही भिंत? हा पंखा?" वहिनींचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि टंकलेखनाचे आवाज एकामागून एक थांबले. "काल तिचं दार उचकटलं ते पेपरनं. तेव्हा पेपर होता ना? मारायला पेपर, आणि शब्द पाळायला मी एकटी?"

साहेब लाल झाले. ते म्हणाले की भावनेच्या भरात पानं लावता येत नाहीत. वेबवाला कोपऱ्यातून हळूच म्हणाला की चेहरा धूसर करता येईल. कुणीतरी म्हणालं, मग फोटोत राहील काय. वहिनींनी त्या दोघांकडे असं पाहिलं की दोघंही आपापल्या पडद्यात शिरले.

"एक काम करा," वहिनी म्हणाल्या. "तिचा चेहरा आहे, तिलाच विचारा. ती हो म्हणाली तर मी स्वतः पान सोडते, मथळासुद्धा तुमचाच ठेवते."

साहेबांना यात काही वावगं दिसलं नाही. ते म्हणाले, विचारा. वहिनींनी सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन टेबलावर ठेवला आणि पाटीवरचा नंबर लावला. आदल्या संध्याकाळी न उचललेला फोन यावेळी लगेच उचलला गेला.

"कोण पाहिजे?" पुरुषाचा आवाज.

वहिनी इतकी वर्षं डेस्कवर उगीच बसल्या नव्हत्या. त्या अगदी घरगुती सुरात म्हणाल्या, "अहो, माझे कपडे शिवायला टाकले होते. झालेत का विचारायचं होतं. बाई नाहीत का?"

"दुकान बंद झालंय."

"अगंबाई. आणि माझे कपडे?"

"कपडे गटारात बघा." पलीकडे कुणीतरी हसलं. मग आवाज जवळ आला, गोड झाला. "तुम्ही ओळखता का हो बाईला? म्हातारीला घेऊन कुठं गेली ते आम्हालापण पाहिजे. तिची कुणी नातेवाईक, मैत्रीण, माहीत असेल तर सांगा. आम्ही तिचा फोन परत करू."

वहिनींनी फोन बंद केला. आता कुणाला काही समजावून सांगायची गरज राहिली नव्हती. बाई वस्तीतून निसटली होती. कुठल्या तरी परक्या गल्लीत, जिथं तिला कुणी ओळखत नाही अशा जागी, सासूला घेऊन लपली असणार. आणि तिचा चेहरा घराघरात न्यायची तयारी इथं मोठ्या कौतुकानं चालली होती.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "काढा फोटो," ते म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, "भट्टीचा लावा."

वहिनींनी पानावरचा फोटो काढला. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि त्या वेबवाल्याकडे वळल्या. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. तो घाईघाईनं काहीतरी पुसत होता.

"कधी चढवलास?"

"साहेबच म्हणाले," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "सकाळी. नुसती झलक म्हणून, उद्याच्या अंकाची. वहिनी, मी काढला आता. आत्ताच काढला."

सकाळी. म्हणजे वहिनी रुग्णालयात टोपीशी भांडत होत्या तेव्हा. म्हणजे वहिनी इथं पंख्याला आणि भिंतीला बोल लावत होत्या तेव्हाही तो चेहरा हातोहाती फिरत होता. वहिनींना वाटलं, याच्या कानफटात द्यावी. मग वाटलं, साहेबांच्या द्यावी. मग वाटलं, या दोघांच्या दिल्या तरी तिसरा कुणी असेल, तोही चष्मा कपाळावर चढवून म्हणेल की आपलीच बातमी आपण शेवटी द्यायची का. संकट आलं तरी यांना त्यातली बातमी दिसते. उपकार झाला तरी बातमी. ज्यानं जीव वाचवला त्याचे आभार मानायचे, तर तेसुद्धा त्याच्या गळ्यात पाटी अडकवल्याशिवाय यांना मानता येत नाहीत.

तेवढ्यात टोपीच्या बायकोचा फोन आला. ती इतकं हळू बोलत होती की वहिनींना दुसरा कान हातानं झाकावा लागला.

बाई तिथंच होती. त्याच सरकारी रुग्णालयात, खालच्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात. काल म्हातारीला धाप लागली म्हणून दुसरंच नाव सांगून दाखल केलं होतं. टोपीची बायको नवऱ्यासाठी पाणी आणायला खाली गेली, तर पलीकडच्या खाटेवरची पेशंट हातात फोन धरून बाईला विचारत होती, "ही तुम्हीच ना? किती छान आलाय हो फोटो." आणि बाई भिंतीकडे तोंड करून, नाही, मी नाही, म्हणत होती. सगळा वॉर्ड माना वळवून बघत होता. टोपीच्या बायकोनं फोटोवरून ओळखलं, जवळ जाऊन आपण कोण ते सांगितलं. तर बाईनं तिच्याकडे असं पाहिलं की पुन्हा तिथं उभं राहवलं नाही.

"वहिनी, त्यांना इथून हलवायला पाहिजे. आत्ता. या बघ्यांतला एक जरी बोलला..."

"मी निघाले," वहिनी म्हणाल्या. "कुणाला सांगू नकोस. भावजींनासुद्धा."

कचेरीची गाडी दारात उभी होती. वहिनींनी तिच्या दारावरची पेपरच्या नावाची हातभर अक्षरं पाहिली आणि रस्त्यावरची टॅक्सी केली. वाटेत नवऱ्याला एवढंच सांगितलं की आतल्या खोलीतला पलंग मोकळा कर, माणसं येणार आहेत, कोण ते विचारू नकोस. त्यानं विचारलं नाही. जुना बातमीदार तो, पण नवरा त्याहून जुना.

वॉर्डात फिनाईलचा वास होता आणि लोक वहिनींकडेही बघत होते. शेवटच्या खाटेवर म्हातारी निजली होती. पायाशी एक गाठोडं. बाई उभी होती. फोटोपेक्षा लहान दिसत होती, आणि थकलेली.

वहिनींनी नाव सांगितलं नाही. नुसतं "मी" म्हणाल्या. बाईनं आवाज ओळखला.

"तुम्ही शब्द दिला होता."

"हो."

"मी दार उघडलं," बाई म्हणाली. आवाज काल होता तसाच बारीक, पण आता त्यात भीती नव्हती, दुसरंच काहीतरी होतं. "तो दारात धापा टाकत होता. कुत्रं असतं तरी घेतलं असतं आत. मी त्याला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आणि तुम्ही लोकांनी माझं सगळं सांगितलंत. ज्यांनी दुकान फोडलं त्यांना मी ओळखते, त्यांच्या बायकांचे कपडे शिवलेत मी. तुम्ही कोण? तुम्हाला मी कधी बघितलं नाही, तुमचं काही बिघडवलं नाही."

वहिनी ऐकत राहिल्या. संपादकांची चूक, वेबवाल्याची चूक, टोपीचा हात, सगळं जिभेवर येऊन गेलं, आणि त्यांनी सगळं गिळलं. हिच्यापुढं सगळी कचेरी एकच होती, आणि त्या कचेरीचं नाव आत्ता वहिनी होतं.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी चला. घरी मी आणि माझा नवरा, तिसरं कुणी नाही. डॉक्टर घरी येईल, तो माझा भाचा आहे. पुढचं वकील बघेल. विश्वास ठेवू नका, पण चला. इथं थांबण्यात धोका आहे."

"तिथला पत्ता तुमच्या कचेरीत माहीत आहे?"

हा प्रश्न बरोबर होता, म्हणूनच तो लागला. कचेरीतल्या निम्म्या लोकांनी वहिनींच्या घरी जेवणं केली होती. वहिनी म्हणाल्या, "माहीत आहे. पण तुम्ही तिथं आहात हे माहीत नाही. कुणालाच नाही."

त्याच वेळी पर्समध्ये फोन वाजला. साहेब होते. वहिनींनी तो बाईसमोरच उचलला, मुद्दाम.

साहेब काळजीत होते, खरोखरच. रात्रभर झोप येणार नाही म्हणाले. बाई सापडली का? सुखरूप आहे ना? काही लागलं तर कचेरी करेल, पैशाची चिंता नको. मग किंचित थांबून, जरा संकोचानं, "आणि वहिनी, भेटलीच तर दोन ओळी घेऊन ठेवा. नाव नको, ठिकाण नको. नुसतं तिला काय वाटलं, एवढंच. कधीतरी उपयोगी पडेल."

वहिनींनी बाईकडे पाहिलं. बाईला ऐकू गेलं होतं. तिच्या ओठाचा एक कोपरा वाकडा झाला, हसल्यासारखा, पण हसू नव्हतं ते.

"सापडली नाही," वहिनी म्हणाल्या. "सापडणारही नाही. आणि पुन्हा कुणाला तिच्या मागावर पाठवलंत, तर उद्याचं पान लावायला दुसरी वहिनी शोधा."

त्यांनी फोन बंद केला, पूर्ण बंद, आणि पर्सच्या तळाशी टाकला. नोकरी लागल्यापासून त्यांनी डेस्कला खोटी बातमी दिली नव्हती. ही दिली, आणि त्यांना जराही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं, की असली खोटी बातमी काल दुपारीच द्यायला हवी होती, सगळ्यांना, एकजात.

पलीकडच्या खाटेवरची बाई अजून बघत होती, फोन हातातच. वहिनी तिच्या आणि खाटेच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या, पाठ तिच्याकडे करून.

शिंपीणबाईनं गाठोडं काखेत मारलं आणि सासूच्या मानेखाली हात घातला.

"पायाकडून धरा," ती म्हणाली. "कमरेला हात लावू नका, दुखतं त्यांना."

वहिनींनी पाय धरले.